बुधवारची लेकरं

काही गोष्टी चुकीच्या आहेत हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, पण बोलत कुणीच नाही. उसाच्या मळ्यांच्या त्या बेटावर सगळीकडे, कोलरिज हिलच्या चर्चमध्येही, तशी एक रीत होती. आईबापांचं लग्न झालेलं असेल तर बाळाचा बाप्तिस्मा रविवारी, भरल्या चर्चमध्ये. नसेल झालेलं, तर बुधवारी दुपारी, बाजूच्या दाराने, चार माणसांत. चर्चच्या कुठल्याही नियमात असं लिहिलेलं नव्हतं. पण रूढीला कागद लागतो कुठे?

बिशप डार्नली गिटन्स मोठ्या झालेल्या मुलांच्या श्रद्धेच्या दृढीकरणाच्या विधीसाठी या गावात आले, तेव्हा त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. उसाच्या मळ्यात राबणाऱ्या आईचा हा मुलगा शिष्यवृत्तीवर शिकला, पाळक झाला, काही वर्षं याच चर्चमध्ये राहिला आणि पुढे बिशपपदाला पोचला. वडील खलाशी होते, समुद्रात बुडून गेले, असं ते सगळ्यांना सांगत. खरं म्हणजे वडील बेटाच्या दुसऱ्या टोकाला दुसरीशी लग्न करून चांगले म्हातारे होऊन वारले होते. बिशपसाहेब स्वतः बुधवारचे! आई गेली, तिच्याबरोबर गुपितही पुरलं गेलं, असं ते धरून चालले होते.

शनिवारी दुपारी मासे आणि कूकू, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, जेवून ते तिथल्या पाळकांच्या घराच्या व्हरांड्यात टेकले होते. तेवढ्यात आयोनाबाई त्यांचा पांढरा झगा घेऊन आल्या. चर्चच्या कपड्यांना खळ घालून इस्त्री करायचं काम बाई पन्नास वर्षं करत होत्या. वय ब्याऐंशी, जीभ पंचविशीतली. झगा खुर्चीवर पसरून त्यांनी सरळ मुद्द्याला हात घातला. त्यांची नात मार्व्हा बेकरीत कामाला होती. तिला मुलगी झाली होती, आणि बाळाचा बाप इंग्लंडला गेला तो गेलाच. चर्चच्या कारभारी मिसेस यरवूड यांनी ठरल्याप्रमाणे बुधवार दिला होता. आयोनाबाईंना रविवार हवा होता, उद्याचाच.

बिशपसाहेबांनी नेहमीचं उत्तर दिलं. गावच्या रीतीत आपण हात घालत नाही, आणि शेवटी पाणी तर तेच असतं. इतकी वर्षं या उत्तरावर त्यांचं निभावलं होतं.

"पाणी तेच, तर मग वार का वेगळा?" आयोनाबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीला बुधवार, नातीला बुधवार. मार्व्हाला शाळेत पोरी म्हणायच्या, ही बघा बाजूच्या दाराची. तिने चर्चची पायरी सोडली, साहेब. आता लेकरासाठी कशीबशी तयार झालीय. उद्या नाही म्हणालात, तर ती परत यायची नाही आणि लेकरूही यायचं नाही."

"लोक काय म्हणतील, मावशी?"

"लोक म्हणतातच. चुकलं असेल तर मोठ्यांचं चुकलं. शिक्षा पाळण्यातल्या पोराला? एवढं तर मळ्याच्या मुकादमालाही कळलं असतं."

त्या संध्याकाळी बिशपसाहेबांना आई आठवत राहिली. जन्मभर ती शेवटच्या बाकावर बसली. मुलगा बिशप झाला त्या दिवशीसुद्धा तिथेच. मुलगा खलाशी बापाची गोष्ट रंगवून सांगायचा आणि ती खाली मान घालून ऐकायची. आपण तिला पुढच्या बाकावर कधी बोलावलंच नाही, हे आठवून त्यांना स्वतःची लाज वाटली.

रविवारी दृढीकरणाचा विधी संपला आणि आजीशेजारी बसलेल्या मार्व्हाकडे बघून बिशपसाहेब म्हणाले, "मार्व्हा, बाळाला घेऊन पुढे ये."

मिसेस यरवूड लगबगीने जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, की तिचा वार बुधवार आहे.

बिशपसाहेब मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "माझाही बुधवारच होता. माझे वडील समुद्रात गेले नाहीत. माझ्या आईचं लग्न झालं नव्हतं. ही गोष्ट मी आयुष्यभर लपवली, आणि लपवता लपवता कितीतरी लेकरांना मीच बाजूच्या दाराने आत घेतलं."

मार्व्हा जागची हलेना. मग उठली आणि मधल्या वाटेने ताठ मानेने चालत आली. पाण्याची सुरई आणायचं काम मिसेस यरवूड यांचं. त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांनी सुरई आणली, आपल्या हाताने पाणी ओतलं आणि बाळाच्या टोपड्याची गाठही सोडून दिली. बाळाचं नाव नेरिस ठेवलं.

बाहेर आल्यावर बिशपसाहेबांनी जरा समाधानाने विचारलं, "झालं ना मनासारखं, मावशी?"

"झालं. देव तुमचं भलं करो," आयोनाबाई म्हणाल्या. "पण साहेब, मार्व्हाच्या डोक्यावर बुधवारी पाणी घातलं ते तुम्हीच. तेव्हा हे बोलला असतात तर?"

बिशपसाहेबांना ते आठवतही नव्हतं. कसं आठवणार? असे बुधवार किती झाले होते! त्यांनी तिथेच मार्व्हासमोर जाऊन हात जोडले आणि आठवड्याच्या आत बेटावरच्या सगळ्या चर्चना पत्र धाडून ती रीत मोडली.

वाचकहो, आपल्याही गावात असे बुधवार असतील. स्वतःची लाज झाकायला आपण गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्याची किंमत दुसऱ्याचं लेकरू मोजतं. बोलायचंच आहे, तर ते लेकरू लहान आहे तोवर बोला.