मिल्लिसेंट वृत्तात बसत नाही

मी एक वही आहे, पण माझ्यावर लिहिलेलं टिकत नाही. मला घडवलंच तसं आहे. लंडनच्या एका पुस्तकबांधणीवाल्याने मेंढीच्या कातड्याची पातळ पानं ताणली, त्यांना चुना आणि सरस यांचा लेप दिला, घोटून गुळगुळीत केलं आणि कडेला एक पितळी लेखणी अडकवली. लिहा, ओल्या स्पंजाने पुसा, पुन्हा लिहा. ‘ही कधी भरायची नाही,’ असं तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचा. मला मात्र तेव्हापासून पाण्याची धास्ती बसली.

सेव्हर्न नदीकाठच्या एका गावातले शाळामास्तर अ‍ॅम्ब्रोज थर्कल यांनी मला जत्रेत विकत घेतलं. सोळावं शतक सरत होतं, म्हाताऱ्या राणीच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षं. रविवारच्या प्रवचनातले मुद्दे, शाळेत कोणी लॅटिन कविता म्हणताना लघुच्या जागी गुरू केला त्याचं नाव, असं काहीबाही ते माझ्यावर टिपायचे. संध्याकाळी सगळं पुसलं जायचं. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती.

पण पुसलेल्या पानांवर मास्तर स्वतःच्या कविताही लिहीत. भाषा इंग्रजी, चाल मात्र जुन्या रोमन कवींची. “आपली कविता यमकांचे घुंगरू बांधून नाचते,” असं ते म्हणायचे. “तिला नीट चालायला शिकवलं पाहिजे.” म्हणून प्रत्येक अक्षर लघु की गुरू, हे बोटांवर मोजत ते घरभर फिरायचे. त्यांची सहा वर्षांची एकुलती एक मुलगी, मिल्लिसेंट, जेवायला बसताना विचारायची, “बाबा, आज कोणता रोमन आलाय जेवायला?”

एका सोमवारी ती तापाने गेली.

बुधवारी दोन वाजता तिला न्यायचं ठरलं. आमच्याकडे शिकलेल्या घरात तिरडीवरच्या काळ्या कापडाला शोककवितेचा कागद टाचणीने लावतात. दोन दिवस मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एका रोमन कवीचं विलापगीत पुढ्यात घेऊन बसले होते. त्याच्या ओळींवरून माझ्या तिसऱ्या पानावर बारा ओळी उतरल्या. बुधवारी दुपारी पाद्री हॉबडे आले, तेव्हा मास्तरांनी त्या मोठ्याने वाचल्या. मास्तरांची बायको उर्सुला रोझमेरीच्या डहाळ्या धुऊन लोकांना आठवणीची खूण म्हणून वाटण्यासाठी जुड्या बांधत होती. तिचे हात थांबले.

“अहो, ही अल्बीना कोण?”

“आपली मिल्लिसेंटच गं. कवितेत तसं नाव घेतात.”

“कोण घेतं?”

“रोमन कवी.”

“ते कधी आले होते आपल्या घरी? त्यांनी तिला पाहिली तरी होती का?”

“उर्सुला, मी खूप बघितलं. मिल्, गुरू. लि, लघु. सेंट, गुरू. या वृत्तात दोन गुरूंच्या मध्ये एकटा लघु चालतच नाही. तिचं नाव बसत नाही.”

“मुलगी माझी. बसत नाही म्हणजे काय?”

मास्तर उठले. काळा कोट घालायला ते वर गेले.

उर्सुलाला छापलेली अक्षरं वाचता येत, नवऱ्याचं वळणदार हस्ताक्षर येत नसे. तिने मला उचललं. “पाद्रीबुवा, ते नाव कुठे आहे, दाखवा बरं.” पाद्र्यांना वाटलं, बाईंना ते नुसतं बघायचं असेल. त्यांनी बोट ठेवलं. तिने अ‍ॅप्रनचा कोपरा पाण्यात बुडवला.

मी घाबरले. बाराच्या बारा ओळी एकट्या माझ्यावर होत्या, कागदावर अजून एकही उतरली नव्हती. ओलं कापड माझ्यावर आलं. जरा जोर झाला असता, तर सगळंच गेलं असतं. पण तिने तेवढंच नाव पुसलं.

“अहो बाई! ओळ मोडली ना!”

“मोडू दे.”

मास्तर खाली आले आणि त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिले. पाद्र्यांनी सुचवलं, “‘कन्या’ लिहा, मास्तर. तेवढ्यात बसेल.”

“कन्या गावात पुष्कळ आहेत,” उर्सुला म्हणाली.

“नाहीतर मिली? लाडाचं नाव म्हणून?”

“मिली म्हणून तिला कोणी हाक मारली नाही कधी. ओ दिली नसती तिने.”

तेवढ्यात चर्चची घंटा सुरू झाली. खांदा देणारे शेजारी दारात येऊन उभे राहिले. मास्तरांनी लेखणी घेतली, पण ओल्या लेपावर पितळेचं टोक उमटत नाही, नुसतं रुततं. जोर केला असता, तर पापुद्रा निघून खालच्या दोन ओळी गेल्या असत्या.

“थांबा,” उर्सुला म्हणाली. ती माझ्यावर वाकली आणि त्या जागेवर हळूहळू फुंकर घालू लागली. गरम सूप मुलाला पाजण्याआधी घालतात तशी. दारातून हाक आली, “मास्तर, निघायचं ना?” ती थांबली नाही. लेप पांढरा पडला, तेव्हा तिने मला त्यांच्यापुढे सरकवलं.

मास्तरांनी लिहिलं, मिल्लिसेंट. मग बाराही ओळी शाईने कागदावर उतरवल्या, तशाच.

पाद्री खालच्या आवाजात म्हणाले, “मास्तर, याच चुकीसाठी तुम्ही शाळेत छडी मारता.”

“मारतो,” मास्तर म्हणाले. “टाचणी द्या.”

तो कागद रोझमेरीच्या डहाळ्यांबरोबर तिच्यावर मातीत गेला. त्यानंतर मास्तरांनी त्या ओळी पुन्हा कुठे लिहिल्या नाहीत, आणि माझं तिसरं पान कोणी पुसलं नाही.

मास्तर आणि उर्सुला, दोघंही आता नाहीत. मी एका परक्या घरातल्या फळीवर आहे. कडेचा लेप सुटायला लागलाय. पानं पुसून मला पुन्हा वापरता येईल, असं परवा कोणीतरी म्हणालं, तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नाही. तुमच्या हाती आले तर तिसरं पान जपा. वाचताना सातव्या ओळीत तुम्ही अडखळाल. कवीला वृत्त येत नव्हतं असं वाटेल, लेखणी हातात असेल तर दुरुस्त करावंसंही वाटेल. करू नका. ते मुलीचं नाव आहे.