पुन्हा चालवून बघ

जेवणाच्या सुट्टीत नणंदेनं इतकं तोंड भरून कौतुक केलं, की वहिनीला तिथेच संशय यायला हवा होता. एरवी या नणंदेच्या, म्हणजे घरच्यांच्या छोटीच्या, तोंडून वहिनीसाठी चांगला शब्द निघायचा तो गाडीची किल्ली हवी असली तरच. दोघी एकाच कंपनीत प्रोग्रॅमर, फक्त मजले वेगळे.

"तुझी ती फाईल म्हणजे कमाल आहे," छोटी म्हणाली. "आमच्या दोन टेस्ट कधीपासून कुरकुर करत होत्या. परवा तुझ्या सूचना एजंटला दिल्या आणि एकदम गप्प बसल्या. सगळं हिरवं, सगळ्या पास. आज चार वाजता पॅकेज हॉस्पिटलांना जातंय."

वहिनीचा घास हातातच राहिला.

फाईल तिनंच लिहिली होती. पॅकेजमध्ये, म्हणजे एका कामासाठी बांधलेल्या प्रोग्रॅममध्ये, कोणी काही बदललं, की त्याच्या सगळ्या टेस्ट चालवून बघाव्या लागतात; पास झाली की हिरवी, नापास झाली की लाल. त्या कंटाळवाण्या कामाला कंपनीनं एआय एजंट आणून बसवला होता. हुशार, पण सांगितलं तेवढंच करणारा. म्हणून तिनं त्याला एकदाच बैजवार लिहून दिलं: आधी काय तयार ठेवायचं, टेस्ट कोणत्या क्रमानं चालवायच्या, अहवाल कसा द्यायचा. फाईल इतकी सुटसुटीत झाली, की कोणत्याही पॅकेजला लावावी. तिचं स्वतःचं पॅकेज सुट्ट्यांचं कॅलेंडर दाखवायचं. नेटवर्क मंद असलं की त्याच्या टेस्ट उगाच नापास व्हायच्या, म्हणून तिनं एक ओळ घातली होती: नापास झाली तर पुन्हा चालवून बघ, तीनदा. नंतरच्या खेपेला पास झालेल्या टेस्ट अहवालात वेगळ्या दाखवू का, असं एजंटनं विचारलंही होतं. नको, डोक्याला ताप होतो, असं तिनं वैतागून लिहिलं. कॅलेंडर जरा उशिरा उघडलं तर कोणाचं काय बिघडतं?

छोटीचं पॅकेज मात्र रुग्णाच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाचं होतं.

जागेवर येऊन बसली तरी वहिनीचा जीव थाऱ्यावर नव्हता. उठली, पाणी प्यायली, बसली, परत उठली. छोटीची ही पहिलीच मोठी जबाबदारी. सासूबाई भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या. नसती शंका काढली तर जन्मभर ऐकून घ्यावं लागणार, की वहिनीला पोरीचं चांगलं बघवलं नाही. आणि शंका खरी निघाली तर? लिफ्टची वाट बघण्याइतका धीर तिला उरला नव्हता. ती जिन्यानंच वर छोटीकडे गेली.

"अगं, त्या कुरकुरणाऱ्या टेस्ट कसल्या होत्या?"

"पंपाचा वेग बदलत असतानाच कोणी 'थांब' दाबलं, तर तो थांबतो का, ते बघणाऱ्या. का गं?"

"एजंटची सगळी नोंद उघड. अहवाल नको, नोंद."

छोटीनं कपाळाला आठ्या घालत नोंद उघडली. एजंटनं काहीच लपवलं नव्हतं. नापास. पुन्हा. नापास. पुन्हा. पास. आणि अहवालात, सांगितल्याप्रमाणे, नुसतं हिरवं.

"आता माझी ती पुन्हा चालवायची ओळ काढ आणि बघ."

छोटीनं ओळ काढून टेस्ट चालवल्या. पडदा लाल झाला.

"म्हणजे तो कधीकधी थांबतच नाही," ती हळूच म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "चार वाजता मी सगळ्यांपुढे उभी राहणारे, वहिनी. हे आत्ता सांगतेस?"

"मला आत्ताच कळलं."

"मी वाचलीसुद्धा नाही नीट ती फाईल. तू लिहिलेली म्हणून डोळे झाकून लावली."

वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

छोटीनं साहेबांना फोन लावला. "आज पाठवता येणार नाही," ती म्हणाली. "हो, चूक आहे. नाही सर, चूक छोटी नाही." फोन ठेवून तिनं बाहीनं डोळे पुसले आणि वहिनीकडे वळली.

"ही फाईल आणखी कोणाकोणाला दिलीस?"

वहिनीनं ती कंपनीच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली होती. ज्याला हवी त्यानं घ्यावी, विचारायचीसुद्धा गरज नाही. तेव्हा तिला त्यात मोठेपणा वाटला होता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

छोटी खुर्ची मागे ढकलून उठली. "तू खालच्या मजल्यापासून विचारत ये," ती म्हणाली, "मी वरच्या मजल्यापासून सुरू करते."