दोन बोटांची जागा

तेलाचा थेंब… इंजिनाच्या सीलच्या काळ्या कडेशी फुगतोय, लोंबतोय, पण पडत नाही. पडला तर थेट डोळ्यात, म्हणून गाडीखाली उताणा पडलेल्या विश्वनाथने पाना धरलेला हात कपाळावर आडवा घेतला, आणि तेवढ्यात डाव्या बाजूला काहीतरी कट्कन वाजलं. वीट. टेकूच्या विटांपैकी एक फुटली होती, आणि सगळी गाडी, एखाद्याने झोपेत कूस बदलावी तशी, सावकाश खाली आली आणि थांबली. इंजिनाचा गार तळ छातीला टेकला. दाबला नाही. नुसता टेकला.

हलायचं नाही. श्वासही अर्धाच—पूर्ण घेतला की छाती वर येते, आणि वर लोखंड… कुठल्यातरी गॅलरीतून केबलवरचं गाणं ऐकू येत होतं. लतिका दहा पावलांवर, तळमजल्याच्या स्वयंपाकघरात. एक हाक मारायची. पण सकाळीच ती म्हणाली होती, “अहो, गॅरेजवाल्याकडे लिफ्ट असते, तिथे न्या ना,” आणि तो हसला होता. बावीस वर्षं सरकारी वर्कशॉपात काढलेल्या माणसाला एक सील बदलायला लिफ्ट? दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून या गुडगावात आले, जिथे बस नाही, नुसते रिकामे प्लॉट आणि धूळ, तेव्हा ही जुनी गाडी त्यानेच हट्टाने घेतली होती. माझी गाडी मीच बघीन… हाक ओठापर्यंत येई आणि परत जाई. किती वेळ गेला?

चपला वाजल्या. फटीतून तिच्या टाचा दिसल्या.

“तुमचं होईस्तोवर माझी पिशवी काढून घेते गाडीतून.”

तिचा हात गाडीच्या दाराच्या कडीवर पडला. तो आवाज त्याला छातीत ऐकू आला.

“लतिका… हात लावू नकोस.” हवा पुरत नव्हती. “गाडी… बसलीय.”

ती वाकली. फरशीला गाल लावून तिने आत पाहिलं, त्याचा घोटा एकदा घट्ट धरला, आणि चपला तिथेच टाकून धावली. मग बराच वेळ कुणीच नाही—आता गाडी हलली, आता हलली—आणि मग शेजारच्या चड्ढांचा आवाज, “भाईसाहब, बिल्कुल मत हिलना!” त्यांचा जॅक करकरू लागला. लोखंड छातीवरून उठलं. एक बोट, दोन बोटं. दोघांनी पाय धरून त्याला बाहेर ओढलं.

चड्ढा पाणी आणायला गेले.

“हाक का नाही मारलीत?” लतिकाने विचारलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“मारणारच होतो.”

 ती त्याच्या शर्टाची बटणं उघडून छातीवर कुठे लागलंय का ते बघत राहिली.  तेवढ्या लोखंडाखालीसुद्धा त्याला धास्ती होती ती हिच्या एका वाक्याची—मी म्हटलं नव्हतं?—आणि त्यासाठी तो गप्प पडून राहिला होता. एका वाक्याला भिणारा हा माणूस कधीपासून राहतोय आपल्या आत… आणि हिला ते ठाऊक आहे का? तिची बोटं बरगड्यांवरून फिरत होती, आणि त्याला वर तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती.