भाईदासनानांचं उपाशी रक्त

पुतणीच्या संशोधनाला आपलं रक्त लागणार, हे कळल्यापासून भाईदासनानांचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. चोपड्याजवळच्या त्यांच्या गावात ही बातमी केळीच्या बागाबागांतून फिरली, आणि ती दुसऱ्या कुणी नाही, खुद्द नानांनीच फिरवली. मग गावानेही मागे हटायचं कशाला? नानांच्या मानार्थ आदल्या संध्याकाळी शेतात भरीत-पार्टी ठरली.

पुतणीने, नूतनने, फोनवर बजावलं होतं, "नाना, रात्री आठनंतर काही खायचं नाही. सकाळी फक्त पाणी." नाना हो म्हणाले आणि ते पाळायचं त्यांच्या मनातही होतं. पार्टीत ते आठच्या आत जेवून मोकळे झाले. पण पहाटे त्यांच्या बायकोने, तानुकाकूंनी, उरलेलं भरीत परतलं, हात सैल सोडून तेल घातलं, पुऱ्या तळल्या आणि ताट पुढे ठेवलं. रक्त द्यायला निघालेल्या माणसाने उपाशीपोटी जायचं, हे काकूंच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

"चक्कर यीसन पडशात तठे," त्या म्हणाल्या.

नानांनी काकूंचं मन राखायला एक पुरी खाल्ली. मग भरीत इतकं छान लागलं की ताट केव्हा रिकामं झालं ते त्यांना कळलंच नाही. एसटी धुळ्याला पोहोचेपर्यंत ते स्वतःची समजूत घालत होते की इतक्या वेळात सगळं जिरलंच असेल.

देवपुरातल्या फार्मसी कॉलेजात नूतन त्यांची वाटच पाहत होती. तिचं तोंड उतरलेलं होतं. तीन वर्षं ती रक्तात सोडायच्या इवल्याशा पिशव्या बनवत होती. पिशवी चरबीच्या जातीच्या पदार्थाची, आत औषध. दुखण्याच्या जागी पोहोचेपर्यंत ती रक्तात फुटता कामा नये. नूतनने त्यात पॉलिमर मिसळून पिशवी कणखर केली होती, निदान तिचा दावा तरी तसा होता. अडचण अशी की आतापर्यंत तपासलेल्या रक्तात साध्या पिशव्याही तेवढ्याच टिकल्या होत्या.

"आजही फरक दिसला नाही, तर पॉलिमर सोडून द्यायचं असं गाइड मॅडम म्हणाल्यात," तिने नानांना सांगितलं. "म्हणजे माझं सगळंच गेलं, नाना."

हे ऐकून नानांना पहाटेचं रिकामं ताट आठवलं. पण रक्त काढणाऱ्या बाई सुई घेऊन उभ्या होत्या, आणि नानांनी बाही वर करून हात पुढे केला.

काढलेलं रक्त यंत्रात गरगर फिरवलं की लाल भाग खाली बसतो आणि वर पिवळसर पाणी येतं. नानांच्या नळीत वर आलं ते पातळ ताकासारखं पांढरं. नूतनने नळी उजेडात धरली आणि मग नानांकडे पाहिलं.

"नाना, काय खाल्लं?"

"काही नही. पानी पिधं."

"नाना."

"आनि भरीत खादं," नाना खाली मान घालून म्हणाले. "तुन्ही काकूनी वाढं."

नूतन रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती स्टुलावर बसली. तपासणीचं यंत्र फक्त आजच्या दिवसापुरतं मिळालं होतं आणि ऐनवेळी दुसरा माणूस आणायचा कुठून? नानांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लहानपणी जिला खांद्यावर घेऊन बाग दाखवली, तिचंच काम आपण चवीपायी मातीत घातलं.

तिच्या मार्गदर्शक सुनंदाबाई आल्या, त्यांनी नळी पाहिली आणि टाकून द्यायला सांगितलं.

"मॅडम, तरी याच रक्तावर चाचणी लावून बघू?" नूतन म्हणाली. "औषध घेणारी माणसंही जेवतातच ना."

बाईंनी नळी परत हातात घेतली. "लाव. पण या पांढऱ्या पाण्याची स्वतःची चमक आधी मोज आणि ती वजा कर."

नाना बाहेरच्या बाकावर बसून राहिले. शिपायाने चहा आणला, तो त्यांनी परत पाठवला. तोंडात काही घालायची त्यांना आता भीतीच बसली होती.

चाचणीच्या पिशव्यांत औषधाऐवजी रंग दाटून भरलेला होता; त्या पांढऱ्या पाण्याच्या एका नळीत साध्या पिशव्या सोडल्या, दुसरीत पॉलिमरच्या. पिशवी फुटली की तो बाहेर येऊन चमकतो. दुपार कलायच्या आत साध्या पिशव्यांची नळी लख्ख चमकू लागली. पॉलिमरवाली नळी जवळपास होती तशीच होती. बाईंनी सगळं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच झालं.

दार उघडून नूतन धावतच बाहेर आली, तसे नाना उठून उभे राहिले.

"मनामुये तुनं काम बिघडनं ना, बेटा?"

"तुमच्यामुळे वाचलं, नाना." तिला हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. "आम्ही आजवर उपाशी माणसांचंच रक्त तपासत बसलो. त्यात काहीही टिकतं. जेवणातलं तेल रक्तात उतरलं की साध्या पिशव्या तग धरत नाहीत असं दिसतंय. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही म्हणाल्या मॅडम. आणखी माणसं लागतील, एकदा उपाशी आणि एकदा जेवून. पण पॉलिमर सोडायचं नाही."

नानांना त्यातलं निम्मंच कळलं, पण जे कळायला हवं होतं ते कळलं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

दोघं कँटीनमध्ये गेली. नूतनने त्यांच्यासाठी शेवभाजी मागवली आणि स्वतः नुसतंच पाणी घेतलं. नानांनी घास मोडला आणि तिच्याकडे नीट पाहिलं.

"तू कव्हय जेवनी?"

नूतन आठवू लागली. काल दुपारी डबा उघडला होता, पण काळजीने घास उतरला नव्हता. त्याआधीचं तिला आठवेना.

नानांनी ताट तिच्यापुढे सरकवलं. "खाय, बेटा," ते म्हणाले. "उपाशी तर तूच ऱ्हायनी."