तेवीस वेळा निरंक

मधाची बरणी कचेरीतल्या बाईंच्या टेबलावर अशी आपटली की टाचण्यांची डबी उलटी झाली.

“आमच्या डोंगरावर काही नाही, असं कुणी लिहिलं?” मधवाल्यानं विचारलं.

बाईंनी आधी टाचण्या गोळा केल्या. आग लागली तरी आधी फाइल जागेवर ठेवून मग पळणाऱ्यांपैकी त्या होत्या. शेवटची टाचणी डबीत गेल्यावर त्यांनी चष्मा वर केला.

“काका, मध तुम्ही मंगळवारी आणता. आज गुरुवार आहे.”

“मध गेला खड्ड्यात. हे वाचा.” त्यानं सदऱ्यातून एक कागद काढला. कागदाच्या चारही कोपऱ्यांना वाळलेली खळ चिकटलेली होती.

“अहो, सरकारी नोटीस भिंतीवरून फाडून आणलीत?”

“फाडली कुठं? अलगद सोडवली. पोळं सोडवतो तशी.”

बाईंनी वाचली. वाडीमागचा डोंगर दगडखाणीसाठी देण्याचं ठरत होतं. हरकत असेल तर पंधरा दिवसांत नोंदवायची, त्यानंतर सुनावणी. खाली कारण दिलेलं होतं : सदर क्षेत्रातील प्रेक्षणीय नैसर्गिक स्थळे, निरंक. आधार, वार्षिक तक्ता.

तो तक्ता बाईंच्या हातचा होता. वळणदार अक्षर, खाली सही, सहीखाली दोन टिंबं.

निरंक हा कचेरीतला मोठा गुणी शब्द. ‘काही नाही’ म्हटलं की समोरचा विचारणार, का नाही, नीट बघितलंत का? निरंक म्हटलं की कुणी चकार शब्द काढत नाही. दर वर्षी वरून प्रेक्षणीय स्थळांचा तक्ता यायचा, अकरा रकान्यांचा. पहिल्यात स्थळाचं नाव, दुसऱ्यात डांबरी रस्त्यापासूनचं अंतर. डोंगराकडे रस्ताच नव्हता. बाई नव्या असताना या टेबलावरच्या जुन्या कारकुनानं त्यांना सांगून ठेवलं होतं, “रस्ता नाही म्हणजे अंतर नाही. अंतर नाही म्हणजे रकाना रिकामा. रिकामा रकाना दिसला की वरचे कागद परत पाठवतात. निरंक लिही, कागद परत येत नाही.” खरंच आला नाही. पुढं सगळं मागील पानावरून पुढे चालू. तेवीस वर्षं.

“तक्ता मीच भरते,” बाई हळूच म्हणाल्या.

मधवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, असं लिहिणारा कुणी सुटाबुटातला लांबचा माणूस असेल.

“तुम्ही? बाई, मग मी दर मंगळवारी मध काय तुमच्या कपाटातून काढतो का?”

बाईंचे कान तापले. शेजारच्या टेबलावरचा टंकलेखक फिस्सकन हसला.

हेडक्लार्क बाईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, पण कचेरीचं वारं ओळखून वागणारा. त्यानं मधवाल्याला बाहेर बाकावर बसवलं आणि आवाज खाली आणला. “बाई, निवृत्तीला चार महिने राहिलेत तुमचे. त्याला हरकतीचा अर्ज लिहून द्या आणि मोकळ्या व्हा. आपण बरं, आपलं काम बरं.”

“पण काम बरं केलेलंच नाही ना मी.”

“कोण करतं? हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?”

बाई गप्प बसल्या. हेडक्लार्कला वाटलं पटलं. त्यांच्या नवऱ्याला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, ही गप्प बसली की समजायचं, आता ब्रह्मदेव आला तरी ऐकत नाही.

नवरा शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. गळ्यात मोजपट्टी घालूनच तो जन्माला आला असावा, असं सासूबाई म्हणायच्या. संध्याकाळी बाईंनी सगळं सांगितलं तेव्हा तो कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होता.

“म्हणजे न बघताच लिहिलंस?”

“न बघताच.”

“मी गिऱ्हाइकाला न बघता कोट शिवला तर?”

“टोमणे नंतर मारा. रविवारी डोंगरावर जायचंय. मला तक्ता भरायचाय. खराखुरा, अकराच्या अकरा रकाने.”

“आणि मापं कोण घेणार?”

बाईंनी त्याच्या गळ्याकडे बघितलं.

“अरे देवा,” तो म्हणाला, पण शनिवारी त्यानं दुकानावर ‘उद्या बंद’ची पाटी लावली.

रविवारी सकाळी पहिल्या बसनं ते शेवटच्या थांब्यावर उतरले. मधवाला उभा होता. त्यानं बाईंच्या चपलांकडे बघितलं आणि चालायला लागला. अर्ध्या तासात बाईंना कळलं की खुर्चीवर बसून तेवीस वर्षांत गुडघ्यांचंही निरंक झालंय. चढ असा की पाय उचलला की खाली ठेवायला जागा शोधावी लागे. नवरा मागून म्हणत होता, “बसायचं का? थांबायचं का? परतायचं का?” तिसऱ्या वेळी बाई वळल्या आणि म्हणाल्या, “परतायचं नाव काढलंत तर एकटे परता.” मग तो मुकाट चालला.

घड्याळात दोन तास दहा मिनिटं झाली तेव्हा झाडी संपली.

समोर काळ्या दगडाचा रुंद उतार, त्यावरून ओढा उतरत होता आणि दगडात जागोजागी गोल खळगे होते. काही वाटीएवढे, काही पिंपाएवढे, एक तर चांगला विहिरीसारखा. काठ असे गुळगुळीत की कुणी कानशीने घासून ठेवलेत. पाणी एकात शिरायचं, फेर धरायचं, बाहेर पडून दुसऱ्यात जायचं. वर कड्याच्या पोटाशी पोळी लटकत होती, ओळीनं, माणसाच्या उंचीची.

“हे कुणी कोरलं?” शिंप्यानं विचारलं.

मधवाल्यानं एका खळग्यात हात घातला आणि तळातून लिंबाएवढा गोटा काढून दाखवला. “यानं. पाणी गोटा फिरवतं, गोटा दगड खातो. माझ्या आज्यानं पाहिले तेव्हाही एवढेच होते म्हणायचा. एवढ्यासाठी किती वर्षं लागली असतील, तुम्हीच मोजा.” त्यानं गोटा परत जिथल्या तिथं ठेवला.

बाई खाली बसल्या. पाण्यात हात घातला आणि त्यांना रडू आलं. घरापासून एका सकाळच्या अंतरावर हे होतं आणि आपण दर वर्षी, नव्या पेननं, छान अक्षरात, हे नाही म्हणून लिहीत आलो. लाज वाटत होती आणि आनंदही होत होता, दोन्ही एकदमच. त्यांनी डोळे पदरानं पुसले आणि पिशवीतून तक्ता काढला.

“घ्या मापं.”

दुपारभर मापं चालली. शिंपी मोजपट्टी लावी आणि ओरडून सांगे, “घेर एकशे चाळीस! याची पँट मी शिवणार नाही, आधीच सांगतो.” मोठ्या खळग्याला पट्टी पाच वेळा लावावी लागली. खोली मोजायला त्यानं रिळाच्या दोऱ्याला आपली कात्री बांधून सोडली. सतरा हात दोरा गेला आणि तुटला.

“कात्री!” शिंपी काठावर पालथा पडून बघायला लागला. हिरव्या पाण्यात काही दिसेना. “लग्नाआधीपासूनची होती गं.”

“खोली, सतरा हातांहून अधिक,” बाईंनी लिहिलं.

“तुला दया नाही.” तो उठून बसला. “आता खाण झाली तर माझी कात्रीही जाईल. लढ तू. मी आहे.”

खळगे एकूण एक्केचाळीस भरले. दुसऱ्या रकान्याशी बाईंचं पेन जरा थांबलं. मग त्यांनी लिहिलं : रस्ता नाही. पायी दोन तास दहा मिनिटे. रकाना काठोकाठ भरला.

सोमवारी हेडक्लार्कनं तक्ता वाचला आणि कपाळाला हात लावला. “ठीक. आता एवढंच करा, शेरा लिहा, ‘नव्याने आढळले’. तुमचंही झाकलं जाईल, त्या मधवाल्याचंही काम होईल.”

बाईंनी शेऱ्याचा रकाना तेवढा मोकळा ठेवला. मधवाल्याचा हरकतीचा अर्ज लिहून दिला आणि त्याला तक्ता जोडला. सुनावणीची नोटीस आली, त्यात त्यांनाही बोलावणं होतं.

सुनावणीच्या खोलीत पंखा होता पण फिरत नव्हता. मागच्या बाकावर मधवाला आणि वाडीतले चारजण. खाणवाल्यांचा वकील मोठा गोड माणूस. त्यानं बाईंना खुर्ची सरकवून दिली, पाणी विचारलं, मग पिशवीतून एकेक करून तेवीस तक्ते टेबलावर मांडले.

“अक्षर काय सुरेख आहे हो तुमचं. हे तुमचंच ना?”

“माझंच.”

“तेविसांतही निरंक. आणि यंदा एकदम एक्केचाळीस! बाई, एका वर्षात एक्केचाळीस खड्डे खणले कुणी? वाडीतल्या लोकांनी? की पहारी घेऊन तुम्हीही होतात?”

खोलीत हसू पिकलं. मागचा बाक हसला नाही.

सुनावणी घेणारे साहेब बाईंकडे वळले. “हे खळगे नव्याने आढळले, असं तुमचं म्हणणं आहे का?”

दाराशी उभा असलेला हेडक्लार्क मान हलवून खुणावत होता, हो म्हणा, हो म्हणा. वकीलही त्याच ‘हो’ची वाट बघत होता. नव्यानं आढळलेली वस्तू नव्यानं घडवलेलीही असू शकते, हे त्याच्या ओठांवर तयार होतं. आणि नाही म्हणावं, तर पुढ्यात तेवीस सह्या.

बाई उठून उभ्या राहिल्या. बसूनही चाललं असतं.

“खळगे जुने आहेत, साहेब. माझं निरंक खोटं आहे. तेवीस वर्षांत मी तिथं एकदाही गेले नव्हते. आधीच्या वर्षीचं बघून उतरवायचे.”

वकील मांडलेले तक्ते गोळा करायला लागला. खोट्या तक्त्यावर त्याला आता काही उभं करता येईना.

“हे लेखी द्याल?” साहेबांनी विचारलं. “दिलंत तर तुमची चौकशी लागेल. निवृत्तीला किती अवधी आहे?”

“चार महिने.”

“कल्पना आहे ना, काय होऊ शकतं?”

“आहे. कागद द्या.”

त्यांनी लिहिलं. सावकाश लिहिलं. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. खाली सही केली, सहीखाली दोन टिंबं दिली. साहेबांनी ते वाचलं, मग तक्ता वाचला, दुसऱ्या रकान्यापाशी थांबले. “पुढच्या आठवड्यात मी स्वतः पाहणीला जाईन,” ते म्हणाले. “तोवर डोंगराला कुणी हात लावायचा नाही.”

मधवाला बाहेर जिन्यात उभा होता. त्यानं बाजूला होऊन वाट दिली आणि बाई खाली उतरेपर्यंत तिथंच थांबला.

फाटकाशी नवरा होता, मोजपट्टी गळ्यात विसरलेली.

“काय झालं?”

“चौकशी लागली.”

“कुणाची? डोंगराची की तुझी?”

“दोघांची.”

त्यानं त्यांच्या हातातली पिशवी घेतली. “चल, घरी जाऊ. दमलीस.”

“अहो, अर्ध्या दिवसाचीच रजा टाकलीय,” बाई म्हणाल्या. पिशवी परत घेतली, घड्याळ बघितलं आणि कचेरीच्या दिशेनं चालू लागल्या.