इलाची पट्टी

त्या शनिवारी आई थालीपीठ लावता लावता गात होती आणि वरच्या ओळीला तिचा आवाज फुटला. तिने गॅस बारीक केला, घसा खाकरला, ओळ पुन्हा घेतली. पुन्हा फुटला.

"मीठ कमी पडलंय," बाबा पेपरमागून म्हणाले.

"गाण्यात की थालीपिठात?"

"दोन्हीत. पण थालीपीठ मला खायचंय."

आई हसली आणि उलथनं त्यांच्याकडे रोखून ती ओळ तिसऱ्यांदा म्हणाली. एप्रिल महिना होता, २००८ सालचा. मी नोकरीच्या गावाहून, चँडलरहून, तीन दिवसांसाठी अमेरिकेतल्याच डब्लिनला, आईबाबांकडे आले होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, दीड तासावरच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये आईचा कार्यक्रम होता.

माझी आई, सुमित्रा आढाव, ओहायोत कंट्री आणि गॉस्पेल, म्हणजे तिथली खेड्यातली आणि चर्चमधली गाणी, गायची. हे ऐकून मराठी माणसं आधी हसत, मग खरंच का म्हणून विचारत. खरंच. तिचे वडील जालन्याच्या देवळात पेटी वाजवायचे. आमच्या ख्रिस्ती घरांत चर्चला देऊळच म्हणतात. आई तिथे भजनं गातच वाढली. १९७७ साली ती इथे आली. शेजारच्या म्हातारीने हौसेने तिला गिटारवर चार सूर दाखवले आणि पहिल्याच हिवाळ्यात आईने त्या सुरांवर आजोबांची एक चाल बसवली, इंग्रजी शब्दांत. मग चर्च, गावोगावच्या जत्रा, रविवार सकाळचा अर्ध्या तासाचा रेडिओ कार्यक्रम, काही कॅसेटी, एक सीडी. साडी नेसून, पायात काउबॉय बूट घालून ती उभी राहायची. लोक तिला सुमी म्हणायचे. बाबा, म्हणजे मनोहर आढाव, एरवी इंजिनियर. कार्यक्रमांत ते गाडी चालवायचे आणि टेबल मांडून कॅसेटी विकायचे.

दुपारी वेंडेल आला. सत्तरी ओलांडलेला, पूर्वी शाळेची बस चालवायचा. आईला पहिल्या वर्षापासून साथ करणारा तोच. सोफ्यावर बसून त्याने गिटार लावली आणि नेहमीसारखं विचारलं, "सुमी, दोन सूर खाली घेऊया का?"

"वेंडेल, हे गाणं इलाच्या पट्टीत आहे," आई इंग्रजीत म्हणाली. मग माझ्याकडे वळून मराठीत, "दर वेळी सांगावं लागतं याला. म्हातारा झाला."

"मराठीत शिव्या दिल्या तरी मला कळतात हं," वेंडेल म्हणाला.

मी हसले. मान खाली घालून हसले, कारण इला मी.

नऊ वर्षांची असल्यापासून मी तिच्याबरोबर गात होते. मुख्य चाल माझी, वरच्या पट्टीत. आई खालचा सूर धरायची. तिचा आवाज मुळात खालचा, भरलेला. माझ्या आवाजाखाली तो असला की पायाखाली जमीन असल्यासारखं वाटायचं. दोघींची म्हणून आठ-दहा गाणी तिने माझ्या गळ्यासाठी बांधली. त्यातलं आटलेल्या विहिरीचं गाणं लोक हटकून मागायचे. दुष्काळात विहिरीच्या काठावर बसून एक बाई प्रार्थना करते आणि तळातून झरा फुटतो, असं ते गाणं.

२००१च्या ऑगस्टमधल्या जत्रेत आम्ही ते शेवटचं गायलो. पुढच्या रांगेत एक बाई हात वर करून रडत होती. शेजारी आई डोळे मिटून गात होती. आणि मी, झरा फुटला असं सांगणारी मी, आपण हे का सांगतोय असा विचार करत होते. माझा त्या झऱ्यावर विश्वास उरला नव्हता. एका दिवसात गेला नव्हता. कॉलेजात, पुस्तकांत, हळूहळू कधीतरी गेला होता. त्या बाईचे हात बघून मला ते कळलं इतकंच.

आईला हे सांगायला हवं होतं. पण तिच्यासाठी गाणं वेगळं आणि प्रार्थना वेगळी नव्हती. एकाला नाही म्हटलं की दुसऱ्यालाही म्हटल्यासारखं होतं. मी चँडलरला कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी धरली. निघताना आईने विचारलं, "पुढच्या जत्रेला येशील ना?" मी म्हटलं, "बघू."

पुढची सात वर्षं मी बघू म्हणत राहिले. कधी रजा नव्हती, कधी प्रोजेक्ट होतं, कधी तिकीट महाग होतं. त्यातलं काहीच अगदी खोटं नव्हतं, म्हणून बोलायला सोपं होतं.

आणि आई माझी चाल गात राहिली, माझ्याच पट्टीत. वेंडेलने विनवलं, बाबांनी टोमणे मारले. ती म्हणायची, "आता खाली आणायचं आणि पोर आली की परत वर चढवायचं. राहू दे की."

सप्टेंबरातल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर, त्या २००१च्या ऑक्टोबरात, दोन चर्चनी तिचे कार्यक्रम नम्रपणे रद्द केले. तिसऱ्या ठिकाणी दारातल्या माणसाने तिला गिटारची पेटी उघडून दाखवायला लावली. तिने उघडली, दाखवली आणि आत जाऊन गायली. फोनवर हे तिने हसत हसत सांगितलं. "तू असतीस तर त्याला बरी बोलली असतीस," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो ना, रजाच नव्हती."

२००४मध्ये रेडिओवाल्यांनी कार्यक्रम बंद केला. आवाज चिरकतो अशी ऐकणाऱ्यांची तक्रार होती. घशाच्या डॉक्टरांनी गाठी दाखवल्या आणि इतकं वर गाऊ नका म्हणून बजावलं. तेही तिने मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "आई, काळजी घे गं." खरं सांगायची त्याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती.

त्या शनिवारी संध्याकाळी ती भांडी विसळत होती, मी पुसत होते.

"ऑगस्टात मला इथे गायला लागून तीस वर्षं होतील," ती म्हणाली. "जत्रेवाल्यांनी बोलावलंय. एकच गाणं, इला. तू वरचं घे, मी खालचं धरते. मला आता खालचंच झेपतं बघ."

"बघू ना, आई. रजेचं कळलं की सांगते."

"बरं," तिने नळ बंद केला. "तोवर मी सांभाळते तुझी जागा."

रविवारी सकाळी ती उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. बाबा बराच वेळ चहाचे दोन कप हातात घेऊन खोलीच्या दारात उभे होते.

गुरुवारी अंत्यविधी झाला, ती इथे पहिल्यांदा गायली त्याच चर्चमध्ये. आलेले बहुतेक लोक जत्रांतले, खेड्यांतल्या चर्चमधले. काही बायका मला लहानपणच्या नावाने हाक मारून बिलगल्या. मग चर्चचे पाळक उठले आणि म्हणाले, आता इला तिच्या आईचं विहिरीचं गाणं गाईल. मला कुणी विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं काही आहे असं कुणालाही वाटलं नव्हतं.

मी पुढे गेले. शवपेटीचं झाकण उघडं होतं. आईला कुणीतरी हिरवी साडी नेसवली होती. वेंडेलने गिटार घेतली आणि हलकेच विचारलं, "तुझ्या पट्टीत ना?"

"नाही," मी म्हटलं. "तिच्या."

त्याने बोटं तारांवरून काढली. "ती कुठली?"

"तुम्हीच म्हणायचात ना, दोन सूर खाली?"

"तो माझा अंदाज, बाळ." त्याचे डोळे लाल होते. "हे गाणं तिच्या स्वतःच्या गळ्यात कुठे बसतं, मला माहीत नाही. तिने कधी गाऊन दाखवलंच नाही."

लोक थांबले होते. कुणीतरी नाक शिंकरलं. गायचं ठरवलं असतं तर मला गाता आलं असतं. शब्द पाठ होते, गळा ठीक होता. लोक रडले असते, आणि आपण आईसाठी काही केलं असं मलाही वाटलं असतं. मी वेंडेलच्या गिटारवर हात ठेवला आणि मान हलवली. मग आईकडे वळले. तिथे मराठी कळणारे फक्त बाबा होते, पहिल्या रांगेत. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हटलं,

"आई, मी येणार नव्हते. या ऑगस्टात नाही, कधीच नाही. त्या जत्रेतच मला कळलं होतं. तुझ्या गाण्यातलं मला खरं वाटेनासं झालं होतं आणि तुला तसं सांगायचा धीर मला झाला नाही. माझी जागा रिकामीच होती गं. तू तुझ्या पट्टीत गायला हवं होतंस."