करवंदीच्या जाळीत

काठीने करवंदीची फांदी बाजूला सारून तिने हात आत घातला, तोच जाळीपलीकडे कुणीतरी खोकलं. खोकला ओळखीचा होता. तिचा हात काट्यांतच थबकला.

पलीकडे सासरे उभे होते. घसरून पडल्यापासून अंथरुणाला खिळलेले तिचे सासरे, स्वतःच्या पायांवर. ओठ जांभळे, मुठीत करवंदं.

तिच्या काखेतला डबा निसटला. करवंदं उतारावरून गडगडत गेली.

वीज गेल्यामुळे शिवणाचं दुकान दुपारीच बंद झालं होतं, म्हणून जॅमपुरती फळं तोडायला ती घरामागच्या टेकडीवर आली होती. पावसाने दोन वर्षं तोंड फिरवलेलं. गवताची काडीही उरली नव्हती. करवंदी तेवढी हिरवीगार, काळ्या फळांनी लगडलेली. टेकडीवरची सगळी पाखरं तिच्याच सावलीला आलेली.

“बाबा, कधीपासून?”

“झाले बरेच दिवस. तू कामावर गेलीस की येतो.” त्यांनी नजर चुकवली. “कच्ची तोडू नकोस हं. चीक चिकटतो हाताला.”

“चीक?” तिचा आवाज फाटला. “रोज सकाळी उचलते मी तुम्हाला. आंघोळ घालते. कंबरेला पट्टा बांधून मशीनवर बसते, बाबा!”

त्यांची मूठ सैल पडली.

“थोरला म्हणालाय, चालायला लागलो की घेऊन जाईन. सातव्या मजल्यावर घर त्याचं. दिवसभर बाहेरून कुलूप. तिथं मी जगायचो नाही, पोरी.”

 ती खाली बसून सांडलेली फळं वेचू लागली. थोड्या वेळाने तेही शेजारी बसले. किती सहज बसले, ते ती बघत राहिली.

संध्याकाळी थोरल्या दिरांचा फोन आला. नवरा अजून कामावरच होता. सासरे गळ्यापर्यंत चादर ओढून छताकडे बघत पडलेले.

“काय म्हणतात बाबा? उठायला लागले का?”

चादरीच्या काठाला एक बारीक काटा अडकला होता. तिने तो काढला.

“नाही भाऊजी. अजून नाही.”

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात जाऊन करवंदं चिरू लागली.

“उद्यापासून आंघोळ तुमची तुम्ही करायची,” तिथूनच म्हणाली.

 मग खाट करकरली. सासरे दारात येऊन उभे राहिले आणि सुरीसाठी हात पुढे केला.

“आण इकडे. बिया मी काढतो.”